तुम्ही कापलेल्या शिव्या

अहो, तुमच्या शोकसभेत शाळेतले सगळे एकच गोष्ट घोळून घोळून सांगत होते. वानखडे सरांच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नाही. हेडमास्तर बोलले, गणिताचे सर बोलले, मग पालकांतर्फे एक बाई बोलल्या. मी तोंडाशी पदर धरून पुढच्या खुर्चीवर बसले होते. बायकांना वाटलं, बिचारी रडतेय. मी दातओठ खात होते. त्या न निघालेल्या वावग्या शब्दांपायी तुम्ही भर कोर्टात खोटे ठरलात, आणि ज्याच्यामुळे माझा भाऊ गेला तो मिलचा शेठ मागच्या बाकावर बसून हसला, हे त्या सभेत माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

तुमचे गुण लोकांनी सांगून झालेत, ते मी परत सांगत बसत नाही. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय, आधी ते संपवू. भांडण मधेच टाकून उठून जायची तुमची खोड शेवटपर्यंत गेली नाही. पूर्वी निदान गॅलरीत जायचात आणि चहाची हाक मारली की परत यायचात.

सुरतेत एवढी वर्षं काढली आपण. इथली माणसं माया करतात तेव्हाही शिवी देतात. मित्र मित्राला भेटला की आधी शिवी, मग केम छो. रिक्षावाला स्वतःच्या रिक्षालाही शिवी देऊनच ती चालू करतो. कोणी मनाला लावून घेत नाही. तुम्ही मात्र बमरोलीच्या बाजारात कोणी मोठ्यानं बोललं की माझ्या आणि मीनूच्या आडवे येऊन उभे राहायचात, जणू ती शिवी उडून पोरीच्या फ्रॉकवर पडणार होती. मी पडले वऱ्हाडी बाई, मला हसू यायचं. माझ्या तोंडून एखादी सुटली तर तुम्ही फक्त 'अगं' म्हणायचात आणि त्या 'अगं'नंतर दिवसभर घरात शाळा भरल्यासारखं वाटायचं.

संजूला तुम्ही असंच वळण लावायला गेलात. आई गेली आणि माझा हा धाकटा भाऊ अकोल्याहून आपल्या भेस्तानच्या घरी आला, तेव्हा त्याच्या तोंडात शाळेच्या धड्यांपेक्षा शिव्याच जास्त होत्या. तुम्ही त्याला जवळ घेऊन शिकवलं, शुद्धलेखन घातलं, पाढे घातले. त्याचं डोकं काही पुस्तकात रमलं नाही. पलसाण्याच्या एका मिलमध्ये लागला, रंगाच्या खात्यात. पहिल्या पगारातून त्यानं तुम्हाला शर्ट आणला होता, तो कसला भडक निळा, आणि तुम्ही तो शाळेत घालून गेलात. संजू दारात उभा राहून बघत होता. ते दोन चेहरे अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

कापड रंगवायच्या त्या जेट मशीनमध्ये उकळतं रंगाचं पाणी दाबाखाली फिरत असतं. दाब उतरेपर्यंत झाकण उघडू नये म्हणून त्याला लॉक असतं. संजूच्या मशीनचं लॉक बिघडलेलं होतं. झाकण उघडलं आणि सगळं पाणी त्याच्या अंगावर आलं. यापुढचं मला लिहायचं नाही, तुम्ही होतात हॉस्पिटलात. मिलनं काय सांगितलं? मशीन ठीक होती, कारागीर घाईत होता, त्यानंच लॉक तोडलं. म्हणजे पोरगं स्वतःच्या मूर्खपणानं मेलं. मी मिलच्या गेटवर उभी राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, तर तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "चल, लोक ऐकताहेत."

तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता की घरी येईपर्यंत मी तुमच्याकडे पाहिलं नाही. पण लगेच पुढच्या आठवड्यात संजूचे कपडे आणि डबा आणायला म्हणून तुम्ही एकटेच मिलमध्ये गेलात आणि शर्टाच्या खिशातला फोन रेकॉर्डिंगवर ठेवून मॅनेजरसमोर बसलात. मास्तर, हे कुठून सुचलं हो तुम्हाला? मॅनेजर तसा रडवेला झाला होता. तुमच्यासारखा माणूस समोर बसून नुसतं पाणी पितोय, एक शब्द बोलत नाही, हे बघून कोणाचंही तोंड सुटेल. त्याचं सुटलं. लॉक बिघडल्याचं त्यानं कबूल केलं. तुम्ही घरी आलात, चप्पल काढायच्या आधी मला म्हणालात, "संजूनं काही तोडलं नव्हतं." मी भिंतीला टेकून खाली बसले. त्या दिवशी तुम्ही मला माझा भाऊ धुऊन स्वच्छ करून परत दिलात.

आणि मग तुम्ही ती चूक केलीत, जी सुरतेतला कोणी सुरती करणार नाही आणि अकोल्यातला कोणी वऱ्हाडी करणार नाही. फक्त तुमच्यासारखा मास्तरच करेल.

तुम्ही कानात त्या वायरी घालून, खोलीचं दार लोटून बसायचात. मीनू आत यायला लागली की हातानंच थांब म्हणायचात. मला वाटलं, नीट ऐकून काही लिहून काढताय. तुम्ही त्या रेकॉर्डिंगमधल्या शिव्या कापत होतात! मॅनेजर अस्सल सुरती, त्याच्या प्रत्येक वाक्याला शिवीची फोडणी. तुम्ही एकेक शिवी वेचून काढलीत, तांदळातले खडे काढावेत तशी. मग ते पेन ड्राइव्हवर घातलंत, मोबाईलच्या रेकॉर्डिंगला लागतं ते प्रमाणपत्र सही करून जोडलंत आणि पोलिसांना देऊन आलात. पोलिसही असे भले, म्हणाले, सर, फोन राहू द्या, तुमच्या शाळेचं काम अडेल. मॅनेजरवर केस उभी राहिली. शेठचं नावही कुठे आलं नाही.

उलटतपासणीच्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता. आरोपीच्या जागी एकटा मॅनेजर. त्याच्यासाठी शहरातला महागडा वकील कोण करणार, हे मला मागच्या बाकावर शेठला बघून कळलं. आरोपी नव्हता, तरी आला होता, पांढराशुभ्र, पायावर पाय टाकून. वकिलानं तपासणीचा अहवाल हातात धरला होता. रेकॉर्डिंग सलग नाही, जागोजागी तुटलंय, असं त्यात आलेलं.

"सर, तुम्ही यात काटछाट केलीत? हो की नाही?"

"हो," तुम्ही म्हणालात. खोटं बोलणं जमायचंच नाही तुम्हाला.

"काय काढलंत?"

"शिव्या."

कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, पुढच्या केसची माणसं हसली. शेठ तर मान मागे टाकून हसला. वकील मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "शिव्याच काढल्या की आणखी काही, हे आम्ही कसं समजायचं? मूळ कुठे आहे?" तुम्ही म्हणालात, मूळ आता नाही, कापलं तेव्हा गेलं असावं. मग त्यानं न्यायाधीशबाईंकडे वळून नुसते दोन्ही हात पसरले. वेळ संपली, उलटतपासणी अपुरी राहिली, पुढची तारीख पडली.

रिक्षात आपलं जे भांडण झालं, ते हेच.

"काहून कापल्या पण? कोणी सांगितलं होतं तुमाले?"

"न्यायाधीशबाई ऐकणार होत्या, सुमन."

"त्या काय आभायातून पडल्या का? सुरतेतच राहतात ना?"

"संजूची गोष्ट होती. ती इतकी घाण करून कोर्टात न्यायची नव्हती मला."

"मग आता जा ना, सोवळं नेसून जा कोर्टात! तो मेल्यावर अजून एकदा मारला तुमी त्याले."

तुम्ही बाहेर बघत बसलात. मी बोलले ते बोलले, त्याचा मला पश्चात्ताप वगैरे नाही. खरं होतं ते. तुम्ही उलट बोलायला हवं होतं. त्यानंतर पुढची तारीख यायच्या आत, होळी झाल्यावर लगेच, शाळेत फळ्यासमोरच तुम्ही खाली बसलात. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासून कमजोर होतं. असेल. पण मागच्या बाकावरचं ते हसणं तुम्ही घरी घेऊन आला होतात, हे डॉक्टरांना कुठे माहीत? जेवताना तुमचा घास हातातच राहायचा. मी ते हसणं विसरणार नाही आणि ते हसणाऱ्यालाही विसरू देणार नाही, असं मी तुमच्या फोटोसमोर नाही, गॅसच्या शेगडीसमोर उभी राहून ठरवलं. फोटोला हार घालायला माणसं येत होती, तिथे गर्दी होती.

मी फोन उघडला तो केससाठी नाही. दुपारी घरात कोणी नव्हतं आणि मला तुमचा आवाज ऐकायचा होता. बाकी काही नको होतं. रेकॉर्डिंगच्या जागी गेले, तर लॉकडाऊनमधले तुमचे कवितांचे तास, आणि त्याच्याखाली मिलच्या दिवसाची दोन रेकॉर्डिंगं. एक लहान, एक मोठं. कापलेलं वेगळं साठवलं गेलं होतं आणि मूळ जसंच्या तसं तिथेच पडून होतं. अहो, तुम्ही आख्ख्या वर्गाला मोबाईलवर शिकवलंत आणि तुम्हाला एवढं कळलं नाही!

मी ते मोठं लावलं. मॅनेजर रडक्या आवाजात म्हणत होता, "सर, झूठ नहीं बोलूंगा. लॉक दो महिने से बिगडेला था. मैंने बोला..." आणि मग ती शिवी आली, मग शेठचं पूर्ण नाव आलं, "...को, लॉक बदलवा दो. वो बोला..." आणि लगेच दुसरी शिवी. "...को, लॉक बदलवा दो.सीझन निकल जाने दे, दिवाली पीछे देखेंगे."

ही सुरत आहे. इथे राग आला की शिवी नावाच्या आधी येते आणि नावानंतरही येते. तुम्ही या शिवीपासून त्या शिवीपर्यंत कात्री चालवलीत, त्यात मधला शेठही कापला गेला. पोलिसांना तुम्ही त्याचं नाव तोंडी सांगितलंही असेल, पण रेकॉर्डिंगमध्ये नाही ते त्यांनी कशाला लिहावं? उरलं काय? मैंने बोला, सीझन निकल जाने दे. म्हणजे सगळं पाप एकट्या मॅनेजरचं. आणि तो नोकरमाणूस शेठनं दिलेल्या वकिलामागे तोंड मिटून आरोपी होऊन उभा राहिला.

मी तुम्हाला काय काय बोलले त्या दुपारी, ते तुम्ही ऐकलं असेल तर बरंच झालं. अहो, तुमच्या सभ्यपणाच्या पांघरुणाखाली तो खुनी वर्षभर झोपला होता. मी ओरडून ओरडून दमले आणि फोन बंद करायला गेले, तर रेकॉर्डिंग अजून संपलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "जाने दो सर, लडका भी थोडा जल्दीवाला था." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग तुम्ही. तुमचाच आवाज, पण मी तो कधी ऐकलेला नव्हता.

"भडव्या, माह्या पोट्ट्याले मारलं तुमी लोकायनं!"

खुर्ची पुन्हा सरकली. मग तुम्ही हळूच म्हणालात, "माफ करा."

जन्मभर माझी वऱ्हाडी सुधारत बसलात आणि संजूसाठी भांडायची वेळ आली तेव्हा तीच बोली तोंडात आली तुमच्या. माह्या पोट्ट्याले, म्हणालात. माझ्या मेव्हण्याला म्हणाला नाहीत, बायकोच्या भावाला म्हणाला नाहीत. मी ते परत परत लावलं. मला तुमच्यावर इतका राग होता आणि तरी त्या क्षणी तुम्ही समोर असतात तर मी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असतं. ही शिवी तुम्ही माझ्यापासूनही लपवलीत. मला सांगितली असतीत तर आयुष्यात एकदा तरी मी तुम्हाला कडकडून मिठी मारली असती, भर दुपारी, मीनूसमोर.

सरकारी वकील बाई चांगल्या निघाल्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि पाटीवर लिहिल्यासारखं समजावलं. साक्षीदार गेला, उलटतपासणी अपुरी राहिली, त्यामुळे त्याच्या साक्षीवर आता भरवसा ठेवता येणार नाही. रेकॉर्डिंगला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागेल. फोन कोणाच्या ताब्यात होता ते सांगणारं माणूस हवं, आवाज ओळखणारं माणूस हवं, आणि मूळ फाईलला कोणाचा हात लागलेला नाही हे तपासणीत दिसलं पाहिजे. "बेन, कोर्टमां रडवानुं नहीं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, रडायला मी येतच नाहीये. फोन सीलबंद होऊन तपासणीला गेला. तो हातातून देताना मात्र जीव तुटला माझा, कारण तुमचा आवाज त्याच्याबरोबर चालला होता. महिन्यांनी अहवाल आला: मूळ सलग आहे, कुठेही तुटलेलं नाही. मॅनेजरच्या आवाजाचा नमुना घेतला होता, तोही जुळला. राहिला तुमचा आवाज. तो मीच ओळखायचा होता.

नवरात्राच्या आधी माझी साक्ष झाली. शेठ होताच, त्याच बाकावर. रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं. त्याचं नाव दोन शिव्यांच्या मधून स्वच्छ ऐकू आलं, तेव्हा त्यानं पायावर टाकलेला पाय खाली घेतला. मॅनेजरनं पिंजऱ्यातून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं असेल.

महागड्या वकिलाला शेठचं नाव बाहेर ठेवायचं होतं. एक गेलेला माणूस आणि एक अडाणी दिसणारी बाई, त्याला वाटलं, सोपं आहे.

"तुमच्या संसारात तुम्ही नवऱ्याच्या तोंडून कधी शिवी ऐकली होती?"

"नाही."

"शाळेत कोणी ऐकली?"

"कोणीच नाही."

"मग हा शिवी देणारा माणूस तुमचा नवराच, कशावरून? हे कोणीही नंतर घातलेलं असू शकतं."

मला वाटलं होतं मी चिडेन. मी चिडले नाही. मी माझ्या मोडक्या गुजरातीत म्हटलं, "शिवीच्या पुढचं वाजवा ना, साहेब." त्यांनी वाजवलं. माफ करा. मी म्हटलं, "ज्यांनी घरचं माणूस मारलं त्यांना शिवी देऊन वर त्यांचीच माफी मागणारा माणूस या सुरतेत एकच होता. त्याच्याशी मी संसार केलाय."

कोर्ट पुन्हा हसलं. पण या वेळी पट्टेवाल्यानं डोळे पुसले आणि वकील खाली बसला. तुमच्यावर हसलेल्या त्या भिंतींना मी तुमच्या बाजूनं हसायला लावलं, एवढं तरी मला जमलं.

मग लेखी उतारा करायची वेळ आली. टायपिंग करणारा पोरगेलासा बाबू थांबला आणि वर बघू लागला. न्यायाधीशबाई जरा अवघडून म्हणाल्या, शिव्यांच्या जागी टिंबं दिली तर चालतील का? वकील ताडकन उठला, हो हो मॅडम, कोर्टाची मर्यादा आहे. शेठही मान हलवत होता. सरकारी वकील बाईंनी माझ्याकडे पाहिलं. साक्षीदारानं मधे बोलायचं नसतं, मला माहीत होतं. मी बोलले.

"मॅडम, माझ्या नवऱ्यानं टिंबंच दिली होती. म्हणून तो खोटा ठरला. एक शब्द काढू नका."

बाईंनी थोडा विचार केला आणि बाबूला म्हणाल्या, जसं आहे तसं लिही. इथे कोर्टाच्या पुराव्याला आंक पडतो, म्हणजे नोंदीचा नंबर, तो पडला की मग ती गोष्ट कोणी नाही म्हणू शकत नाही. तुमच्या रेकॉर्डिंगला आंक पडला आणि त्या उताऱ्यालाही पडला. आज, दिवाळीच्या तोंडावर, शेठला आरोपी करून हजर राहायचा हुकूम निघाला. मॅनेजर आता दुसरा वकील बघतोय, असं ऐकते.

शेठ वरच्या कोर्टात जाणार, त्याच्याही वरच्या कोर्टात जाणार. पैसा आहे त्याच्याकडे, जाऊ दे. पण जिथे जाईल तिथे तो उतारा त्याच्याबरोबर जाणार, आणि त्याच्याच पैशानं केलेल्या वकिलाला उभं राहून ती ओळ वाचावी लागणार: आधी शिवी, मग शेठचं पूर्ण नाव, मग दुसरी शिवी. तुम्हाला फार अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या, तुम्ही जा गॅलरीत. मी प्रत्येक तारखेला पुढच्या बाकावर बसून ऐकणार आहे.